मुरमाच्या वाटेवरची सायकल

(माण तालुका आणि त्याच्या आसपासचा प्रदेश दुष्काळी म्हणून ओळखला जातो. या प्रदेशात मुरमाच्या कितीतरी जुन्या वाटा आहेत. मोटारी नसलेल्या या वाटांवरून सायकल कशी चालवावी, वाटेत काय पाहावे आणि या वाटा का सांभाळाव्यात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात माण नावाचा तालुका आहे. दहिवडी हे त्याचे मुख्य ठिकाण. माण हे एका नदीचेही नाव आहे. लोक तिला प्रेमाने माणगंगा म्हणतात. कुळकजाई गावाजवळच्या डोंगरात ती उगम पावते. मग माण तालुक्यातून वाहत ती सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात शिरते. शेवटी सोलापूर जिल्ह्यात ती भीमा नदीला मिळते. या नदीच्या दोन्ही काठांच्या मुलखाला माणदेश म्हणतात. व्यंकटेश माडगूळकर हे मराठीतील मोठे लेखक याच मुलखातले. ‘माणदेशी माणसं’ हे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माणदेशाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

माणदेशात पाऊस कमी पडतो. असे का होते? अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. ते उंच चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून ढग पूर्वेला येतात, तेव्हा त्यांच्यात पाणी थोडेच उरलेले असते. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वर आणि माण हे दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. पण माणमध्ये वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो.

मग अशा कोरड्या मुलखात सायकलवरून फिरायला कोण जाईल, असे तुम्हांला वाटेल. पण जरा थांबा. पाऊस कमी म्हणून इथे दाट झाडी कमी आणि मोकळे माळ जास्त आहेत. माळ म्हणजे गवताचे, उंचसखल, उघडे रान. एक चढण चढावी, तर पुढे उतार दिसतो. उतार संपला, की पुन्हा छोटी चढण येते. नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाटांसारखी पसरलेली असते. आणि या माळांवरून गावोगावी जाणाऱ्या जुन्या वाटा आहेत. सायकल चालवणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

या वाटांना माणदेशात वेगवेगळी नावे आहेत. बैलगाडी जाईल एवढी रुंद ती गाडीवाट. दोन्ही बाजूंना शेताचे बांध किंवा कुंपण आणि मधून जाणारी ती पाणंद. माणसांच्या आणि मेंढरांच्या पावलांनी पडलेली ती पायवाट. याखेरीज कालव्याच्या कडेने एक वाट असते. कालव्याची देखभाल करणारे लोक तिच्यावरून ये-जा करतात. या वाटा कोणी सायकलींसाठी बांधलेल्या नाहीत. शेतकरी, मेंढपाळ, बाजाराला जाणारी माणसे आणि यात्रेकरू यांनी त्या वापरून वापरून तयार केल्या आहेत.

यांतील बहुतेक वाटांवर डांबर नसते, मुरूम असतो. मुरूम म्हणजे काय, ते समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो थंड होऊन काळा पाषाण तयार झाला. ऊन, वारा आणि पाणी यांमुळे हा पाषाण हळूहळू झिजतो आणि त्याचा भुगा होतो. हा भुगा अर्धवट झिजलेला असतो, तेव्हा त्याला मुरूम म्हणतात. त्याचा रंग तांबूस किंवा पिवळसर असतो. मुरूम पूर्ण झिजला आणि बारीक झाला, की त्याची माती होते. काळ्या मातीत पाणी पडले, की ती फुगते आणि चिकट होते. सायकलचे चाक तिच्यात रुतते. मुरमातून मात्र पाणी निथळून जाते. म्हणून पावसाची सर येऊन गेल्यावरही मुरमाची वाट लवकर सुकते.

जगात अनेक ठिकाणी लोक अशा कच्च्या वाटांवरून मुद्दाम सायकल चालवतात. इंग्रजीत बारीक खडीला ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. त्यावरून या प्रकाराला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असे नाव पडले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात गवताळ टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथील एंपोरिया या गावी २००६ पासून खडीच्या वाटांवर दोनशे मैलांची सायकल शर्यत होते. इटली देशातील टस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांच्यावर एकामागून एक डांबर पडू लागले, तेव्हा काही लोकांना वाईट वाटले. हे रस्ते वाचावेत म्हणून त्यांनी १९९७ मध्ये एक सायकल फेरी सुरू केली. या फेरीत लोक जुन्या पद्धतीच्या सायकली घेऊन पांढऱ्या रस्त्यांवरून जातात. आज जगभरातून लोक त्या फेरीसाठी येतात. ज्या रस्त्यांना कोणी मागासलेले म्हटले असते, तेच रस्ते त्या प्रांताचे भूषण झाले.

कच्च्या वाटेवर सायकल चालवण्यासाठी महागडी सायकल हवी का? तशी गरज नाही. यात मुख्य गोष्ट आहे टायरची. शर्यतीच्या सायकलचे टायर अरुंद असतात आणि त्यांत हवा खूप भरलेली असते. डांबरी रस्त्यावर असे टायर वेगाने धावतात. मुरमावर मात्र ते प्रत्येक खड्यावरून उडतात. प्रत्येक उडीबरोबर सायकल आणि तिच्यावर बसलेला माणूस असे सगळे ओझे थोडे वर उचलले जाते. त्यात पायांची शक्ती वाया जाते आणि हातांना हादरे बसतात. टायर रुंद असेल आणि हवा थोडी कमी असेल, तर खडा टायरमध्ये जरासा दबतो आणि चाक त्यावरून अलगद पुढे जाते. पण हवा फारच कमी केली, तर चाकाची कड दगडावर आदळते आणि ट्यूब फाटते. म्हणून हवा बेताची हवी.

आता एक गंमत पाहा. ग्रॅव्हल सायकलचे टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असतात. आपल्या खेड्यांत वर्षानुवर्षे चालणारी काळी, भक्कम सायकल सर्वांनी पाहिली आहे. दूधवाले आणि पोस्टमन तीच वापरत. तिचा टायर दीड इंच रुंद असतो. दीड इंच म्हणजे सुमारे अडतीस मिलिमीटर! परदेशात जी रुंदी नवी म्हणून गाजली, ती आपल्या खेड्यातल्या सायकलला पूर्वीपासून आहे. कारण तिला अशाच वाटांवरून जायचे होते. मात्र ही सायकल जड असते आणि तिला गिअर नसतात. म्हणून मोठी चढण आली, की खाली उतरून ती हाताने ढकलावी लागते. त्यात कमीपणा कसला? उलट, चालताना आजूबाजूचे जास्त दिसते.

मुरमावर सायकल चालवण्याच्या काही युक्त्या आहेत. चढावर उभे राहून पायडल मारू नये. उभे राहिल्यावर मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी घसरते. सीटवर बसूनच सावकाश चढावे. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. पुढचे चाक घसरले, तर तोल सावरत नाही. वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक हळूहळू लावून वेग कमी करावा. हँडल घट्ट आवळून धरू नये. हात सैल ठेवावेत. माणदेशात बाभळी आणि बोरी पुष्कळ आहेत, म्हणून वाटेवर काटे असतातच. हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान बरोबर ठेवावे. पाणी तर हवेच. पुढच्या गावात पाणी मिळेल, या भरवशावर या मुलखात निघू नये.

आता या वाटांनी कुठे कुठे जाता येते, ते पाहू.

माणगंगेच्या उगमाकडे, म्हणजे कुळकजाईकडे, डोंगर आहेत. तेथून नदीच्या सोबतीने खाली आले, की आंधळी गावाजवळ नदीवर धरण लागते. पूर्वी हे धरण पावसावरच अवलंबून होते. अलीकडच्या काळात जिहे-कठापूर योजनेतून कृष्णा नदीचे पाणी उचलून या भागात आणले आहे. पुढे दहिवडी आणि गोंदवले यांच्या परिसरात पिंगळीचा तलाव आहे. त्याच्याही पुढे म्हसवड हे जुने बाजाराचे गाव लागते. म्हसवडच्या पूर्वेला, सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या हद्दीवर, राजेवाडीचा मोठा तलाव आहे. त्याला म्हसवड तलाव असेही म्हणतात.

या तलावामागे मोठी दुःखाची कहाणी आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. दुष्काळात लोकांना काम आणि मजुरी मिळावी, म्हणून त्या काळचे सरकार तलाव, कालवे आणि रस्ते यांची कामे काढत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजेवाडीचा तलाव अशाच दुष्काळी कामातून उभा राहिला. उपाशी माणसांनी डोक्यावर माती वाहून हा बांध घातला. आज बांधाजवळून सायकलवर जाताना एका बाजूला दूरवर पाणी दिसते. ते पाहताना त्या माणसांची आठवण ठेवली पाहिजे.

म्हसवडच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला माळ हळूहळू चढत जातो. या चढाच्या माथ्यावर एक न दिसणारी रेषा आहे. माथ्याच्या एका बाजूला पडलेला पाऊस माणगंगेतून भीमेकडे जातो. दुसऱ्या बाजूला पडलेला पाऊस येरळा नदीतून कृष्णेकडे जातो. अशा रेषेला पाणलोटाची रेषा किंवा जलविभाजक म्हणतात. मोटारीत बसलेल्या माणसाला ती कळत नाही. सायकल चालवणाऱ्याला मात्र ती पायांना कळते. चढ संपतो आणि उतार लागतो, तिथेच ही रेषा असते. या दोन सरींची गंमत अशी, की एकमेकींपासून दूर गेलेले हे पाणी पुढे कर्नाटकात रायचूरजवळ पुन्हा भेटते, कारण भीमा तिथे कृष्णेला मिळते.

ही रेषा ओलांडली, की खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आणि येरळवाडीचे धरण आहे. हिवाळ्यात येथे दूरदूरचे पक्षी येतात. उंच, गुलाबी रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच बुडवून अन्न शोधतात. नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने फिरतात. उर्दूमध्ये ज्याला सुरखाब म्हणतात, तोच हा चक्रवाक! ‘तुला काय सुरखाबाचे पीस लागले आहे?’ असे उर्दूत म्हणतात, ते याच पक्ष्यावरून. हे पक्षी टिकावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने मायणीच्या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आहे. सायकलचा आवाज होत नाही, म्हणून पक्षी मोटारीला जितके घाबरतात तितके सायकलला घाबरत नाहीत. पण सायकल लांबच उभी करावी आणि शांतपणे पाहावे.

माणदेशात रानेही आहेत. पण ती कोकणासारखी घनदाट नाहीत. बाभूळ, बोर, लिंब, हिवर आणि तरवड अशी कमी पाण्यावर जगणारी झाडेझुडपे येथे वाढतात. मधूनमधून वन विभागाने लावलेली झाडे आहेत. गवताळ माळ हे सुद्धा एक प्रकारचे रानच असते. त्यात ससे, खोकड आणि लांडगे राहतात. चंडोलासारखे छोटे पक्षी जमिनीवर गवतात घरटी करतात. म्हणून सायकल वाटेवरच ठेवावी. गवतातून नवी वाट पाडू नये.

एक गोष्ट तर विशेष लक्षात ठेवावी. माणदेशातील डोंगरांच्या उतारांवर आडवे, लांबच लांब चर खणलेले दिसतात. त्यांना सलग समतल चर म्हणतात. पावसाचे पाणी वाहून जाऊ नये, ते जमिनीत मुरावे, म्हणून गावकऱ्यांनी ते घामाने खणले आहेत. २०१८ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी या गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तो अशाच श्रमदानाच्या बळावर. चराचा बांध फोडून सायकल नेली, तर पहिल्याच पावसात पाणी त्या फटीतून धावते आणि बांध वाहून जातो. एका सायकलच्या मौजेसाठी अख्ख्या गावाचे श्रम वाया जाता कामा नयेत.

वाटेत मेंढरांचा कळप भेटला, तर सायकलवरून उतरावे. धनगर बांधव आपली मेंढरे घेऊन याच वाटांनी जातात. घंटी जोरात वाजवली, तर मेंढरे बिथरून शेतात शिरतात. कळपाबरोबरची कुत्री राखणीची असतात. आपण शांत उभे राहिलो, तर तीही शांत होतात. ‘काका, पुढची वाट कुठे जाते?’ असे विचारले, की कोणताही मेंढपाळ नीट रस्ता सांगतो.

फिरायला उत्तम काळ म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंतचा. माणदेशात सप्टेंबरच्या सुमारास परतीचा पाऊस पडतो. मग तलावांत पाणी असते आणि माळावर गवत असते. मार्चनंतर ऊन कडक होते. तेव्हा सकाळी लवकर निघावे आणि उन्हाच्या आत परतावे. कधीही एकट्याने जाऊ नये आणि कुठे जाणार, ते घरी सांगून निघावे.

हा सगळा केवळ हौसेचा विषय आहे का? नाही. साताऱ्याहून पंढरपूरला जाणारा मोठा रस्ता माण तालुक्यातूनच जातो. त्यावर ट्रक, बस आणि मोटारी भरधाव धावतात. वाड्या-वस्त्यांवरची मुले शाळेत सायकलने जायला निघाली, तर याच रस्त्याची सर्वांत जास्त भीती वाटते. भीती वाटली, की आईवडील मुलाला कसेबसे पाठवतात. मुलीला मात्र घरी ठेवतात. शाळा दूर असली, की मुलींचे शिक्षण सुटते. बिहार राज्याने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. पुढे अभ्यासकांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या या योजनेमुळे सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढली, असे त्यांना आढळले. सायकल एवढे करू शकते! पण सायकलबरोबर निर्धोक वाटही हवी.

माण तालुक्यातील मोही या गावची ललिता बाबर लहानपणी धावत शाळेत जात असे. तीच ललिता २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिचे पाय घडले, ते आपल्या गावच्या वाटेवर.

म्हणून गावाच्या जुन्या वाटा सांभाळल्या पाहिजेत. आज कितीतरी पाणंदी अरुंद होत चालल्या आहेत. कोणी बांध पुढे सरकवतो, कोणी काटे टाकतो, कोणी वाट नांगरून टाकतो. पण वाट नांगरली, म्हणून नकाशातून पुसली जात नाही. तलाठ्याकडे प्रत्येक गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. शेतात जाण्याच्या वाटेवर कोणी अडथळा केला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार तो दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर झाला, की हा सोपा मार्ग बंद होतो.

विद्यार्थी मित्रांनो, रस्ता, जमीन, हवा, हद्द आणि नकाशा हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. भाषांमध्येही अशा जुन्या वाटा असतात. त्यांवरून शब्द ये-जा करतात आणि वापरात राहिल्याने त्या वाटा मोकळ्या राहतात. मुरमाच्या वाटेचेही तसेच आहे. तिच्यावर कोणी गेले नाही, तर दोन पावसाळ्यांत तिथे काटेरी झुडपे उगवतात. रोज दहा-वीस सायकली गेल्या, तर वाट स्वच्छ राहते आणि गावालाही तिची आठवण राहते. तुमच्या गावाच्या नकाशात अशी एखादी तुटक रेषा असेलच. ती शोधून काढा, वडीलधाऱ्यांना तिचे नाव विचारा आणि सायकलच्या टायरमध्ये बेताची हवा भरून तिच्यावर निघा.

स्वाध्याय

१. माण तालुक्यात पाऊस कमी का पडतो?
२. काळी माती आणि मुरूम यांत कोणता फरक आहे?
३. मुरमाच्या वाटेवर रुंद टायर का उपयोगी पडतात?
४. राजेवाडीचा तलाव कोणत्या कामातून उभा राहिला?
५. कारणे सांगा : (अ) सलग समतल चरावरून सायकल नेऊ नये. (आ) मेंढरांचा कळप दिसल्यावर घंटी जोरात वाजवू नये.
६. उपक्रम : तुमच्या गावाचा नकाशा पाहा. त्यातील गाडीवाटा आणि पायवाटा वहीत काढा. त्यांपैकी कोणत्या वाटा आज वापरात आहेत, ते लिहा.